न मागवलेल्या मालाचं बिल: द्यायचं की नाही, आणि का

भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या कलम ७० खाली एक चिमुकलं उदाहरण दिलेलं आहे. एक व्यापारी चुकून भलत्याच माणसाच्या घरी माल ठेवून जातो. तो माणूस तो माल आपलाच असल्यासारखा वापरतो. कायदा म्हणतो, मग पैसेही त्यानेच द्यायचे.

दीडशे वर्षांत व्यापारी बदलले, माल बदलला, दारात येणारा माणूस बैलगाडीऐवजी दुचाकीवरून यायला लागला. उदाहरण मात्र आजही तसंच लागू आहे. न मागवलेल्या मालाचं बिल हातात पडलं की लोक दोनपैकी एका गैरसमजात सापडतात. एकाला वाटतं, छापील बिल आलंय, वर आपलं नाव आहे, म्हणजे द्यावं तर लागणारच. दुसऱ्याला वाटतं, मी थोडंच मागवलं होतं? आलंय तर आपलं, आणि पैसेही द्यायचे नाहीत. पहिला उगाच पैसे घालवतो. दुसरा स्वतःहून देणेकरी होतो.

बिल ही फक्त मागणी असते. ती एकतर्फी असते आणि कुणीही कुणाच्याही नावे छापू शकतो. देणं दोनच मार्गांनी तयार होतं: एक, तुम्ही होकार दिलात म्हणून, दोन, होकार दिला नाहीत, पण समोरच्याने फुकट देण्याच्या हेतूने न दिलेल्या वस्तूचा लाभ उठवलात म्हणून. दोन्ही नसेल तर बिलावर कितीही लाल शिक्के असोत, ‘अंतिम सूचना’ असं तीनदा लिहिलेलं असो, देणं उभं राहत नाही.

‘उत्तर दिलं नाहीत तर तुम्हाला मान्य आहे असं समजू’ हे वाक्य तर हमखास असतं. या वाक्याचा निकाल इंग्लंडमध्ये १८६२ सालीच लागला. फेल्टहाउस नावाच्या काकाला पुतण्याचा घोडा विकत घ्यायचा होता. किमतीवरून थोडी ओढाताण झाली, तेव्हा काकाने मधली रक्कम धरून पत्र लिहिलं: तीस पौंड पंधरा शिलिंग देतो, आणि तुझ्याकडून काही कळलं नाही तर घोडा माझा झाला असं समजतो. पुतण्याने उत्तर दिलं नाही. त्याच्या मनात घोडा काकालाच द्यायचा होता, म्हणून लिलावातून तो बाजूला ठेवायलाही त्याने सांगितलं होतं. पण बिंडली या लिलाववाल्याने चुकून घोडा विकून टाकला. काका लिलाववाल्यावर कोर्टात गेला आणि हरला. कोर्टाचं म्हणणं असं की गप्प बसण्याला होकार ठरवण्याचा अधिकार प्रस्ताव मांडणाऱ्याला नाही. इथे तर पुतण्याच्या मनात होकार होता, तरीही करार झाला नाही. मग ज्याच्या मनात काहीच नव्हतं, त्याच्या मौनाचा सौदा कसा होणार?

आपल्या करार कायद्याचं कलम ७ याच वाटेने जातं: स्वीकार निःसंदिग्ध हवा आणि तो व्यक्त झालेला हवा.

आता वापराचा भाग. कलम ७० नक्की कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, हे आपल्याकडे स्पष्ट केलं ते न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांनी, म्हणजे साताऱ्यात जन्मलेल्या आणि पुढे देशाचे सरन्यायाधीश झालेल्या आपल्याच माणसाने. डिसेंबर १९६१ च्या पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मंडल अँड सन्स या निकालात मामला बांधकामाचा होता. ठेकेदाराने सरकारी खात्यासाठी काम केलं, खात्याने ते वापरलं आणि नंतर ‘करार रीतसर नव्हता’ म्हणून पैसे द्यायला नकार दिला. सरकार हरलं. पण आपल्या कामाचा भाग त्या निकालातल्या विवेचनात आहे. कुणी वस्तू आणून दिली, तर ती नाकारण्याची किंवा परत करण्याची मोकळीक समोरच्याला असते. त्याने तसं केलं तर कलम ७० लागूच होत नाही. जबरदस्तीने गळ्यात मारलेल्या उपकाराची किंमत मागता येत नाही. वस्तू स्वखुशीने ठेवून घेतली आणि वापरली, तरच मागता येते.

थोडक्यात, मिक्सर आला, तुम्ही खोका न उघडता कोपऱ्यात ठेवला आणि ‘घेऊन जा’ म्हणून कळवलंत, तर देणं शून्य. त्याच मिक्सरमध्ये इडलीचं पीठ वाटलंत तर गोष्ट वेगळी.

मग तो माल आपल्या खर्चाने परत पाठवायचा का? नाही. १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम ४३ सांगतं की नाकारण्याचा हक्क असलेल्या खरेदीदाराने माल स्वतः परत पोचवायची गरज नाही, नाकारला असं कळवलं की पुरे. हे कलम मुळात ज्याने काहीतरी मागवलं आहे त्याच्यासाठी आहे. मागवणाऱ्यालाही जर परतीचं भाडं भरावं लागत नसेल, तर ज्याने मागवलंच नाही त्याने ते का भरावं? ‘परत पाठवा, कुरिअरचा खर्च तुमचा’ असं कुणी सांगितलं तर सरळ म्हणा, माणूस पाठवा, खोका तयार आहे.

याच कायद्यातली एक गोष्ट मात्र उलट बाजूने जाते. तुमचा आणि दुकानदाराचा आधीपासून व्यवहार असेल, तुम्ही दहा नग मागवले आणि बारा आले, तर कलम ३७ नुसार मागवलेले दहा ठेवून जादाचे दोन नाकारता येतात, किंवा सगळाच माल नाकारता येतो. पण अशा व्यवहारात माल ठेवून घेऊन बराच काळ काहीच कळवलं नाही, तर कलम ४२ त्याला स्वीकार मानतं. म्हणजे अनोळखी माणसासमोरचं मौन बिनधोक, नेहमीच्या पुरवठादारासमोरचं मौन महागात. दोन्हीकडे कळवणं हाच शहाणपणा, आणि तो लेखी असावा.

बाहेरच्या देशांनी यापुढे पाऊल टाकलेलं आहे. अमेरिकेत १९७० च्या टपाल कायद्यानुसार न मागवता टपालाने आलेला माल घेणाऱ्याला भेट म्हणून ठेवून घेता येतो, आणि त्याचं बिल पाठवणं बेकायदा आहे. ब्रिटनने १९७१ मध्ये तसाच कायदा केला. आधी त्यात सहा महिने थांबण्याची अट होती, पुढे तीही गेली. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये राहणाऱ्या भाचीने ‘ठेवून घे, कायद्याने तुझंच आहे’ असा सल्ला व्हॉट्सअ‍ॅपवर दिला तर तो तिच्या गावापुरता बरोबर आहे. आपल्याकडे ‘ठेवून घ्या, तुमचंच’ असं सांगणारं कलम नाही.

हा झाला पाया. प्रत्यक्षात हे बिल वेगवेगळ्या वेशात येतं, आणि आपल्याकडचा सर्वांत ओळखीचा वेश म्हणजे कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल.

दुपारची वेळ, मुलगा-सून कामावर, घरात सासूबाई किंवा आजोबा. बेल वाजते. ‘काकू, पार्सल आहे, सहाशे नव्व्याण्णव रुपये.’ पार्सलवर नाव मुलाचं, पत्ता बरोबर, मोबाइल नंबरही त्याचाच. मुलाला फोन लावला तर तो मीटिंगमध्ये, उचलत नाही. पोरगा दारात ताटकळलेला. शेवटी डब्यातून पैसे काढून दिले जातात. संध्याकाळी खोका उघडला की आत पन्नास रुपयांचं घड्याळ नाहीतर जुन्या कपड्याचा तुकडा.

यात नेम अचूक साधलेला असतो. पार्सल मुद्दाम घरात नसलेल्या माणसाच्या नावाने असतं. रक्कम अशी ठेवलेली असते की देताना हात अडत नाही आणि गेल्यावर पोलीस स्टेशनची पायरी चढावीशी वाटत नाही. नाव, पत्ता, नंबर कुठून मिळाला याचं उत्तर बहुधा जुन्या ऑर्डरींमध्ये असतं. तुमची माहिती कुठल्या कुठल्या दुकानांच्या याद्यांमध्ये पडून असते, त्या याद्या फुटतात आणि विकल्या जातात.

दारातल्या पोराला ओरडू नका. तो पार्सलमागे पैसे मिळवतो, आत काय आहे हे त्यालाही माहीत नसतं. कुरिअर कंपनीसाठीही हे इतरांसारखंच एक बुकिंग असतं. मात्र पैशांची वाट समजून घेण्यासारखी आहे. तुम्ही दिलेली रोकड पाठवणाऱ्याला लगेच मिळत नाही. कुरिअर कंपनी ती गोळा करते, आपलं भाडं कापते आणि ठरलेल्या चक्राप्रमाणे काही दिवसांनी विक्रेत्याच्या खात्यात टाकते. म्हणजे फसल्याचं संध्याकाळी कळलं तर पैसे अजून वाटेत असण्याची शक्यता असते. पार्सलवरचा एडब्ल्यूबी नंबर (कुरिअरचा ट्रॅकिंग क्रमांक), पाठवणाऱ्याचं नाव आणि परतीचा पत्ता यांचे फोटो काढा. कुरिअर कंपनीच्या तक्रार विभागाला त्याच रात्री ईमेल करा आणि त्यात स्पष्ट लिहा: हा माल आम्ही मागवलेला नाही, विक्रेत्याला द्यायची रक्कम रोखून धरावी. पैसे परत मिळतीलच असं नाही. पण आठवड्याने केलेल्या तक्रारीपेक्षा त्या रात्रीच्या तक्रारीला अर्थ जास्त. खोका फेकून देऊ नका, पुरावा तोच आहे.

कायद्याने हे पैसे परत मागण्याचा आधार भक्कम आहे. करार कायद्याचं कलम ७२: चुकून किंवा दबावाखाली दिलेले पैसे घेणाऱ्याने परत करायचे. तिथलंही उदाहरण वाचण्यासारखं आहे. दोघांनी मिळून तिसऱ्याचे शंभर रुपये देणं असतं. एक जण ते देऊन टाकतो, दुसऱ्याला ते माहीत नसतं, म्हणून तोही देतो. दुसऱ्यांदा मिळालेले शंभर रुपये घेणाऱ्याने परत करायचे. मुलाने मागवलं असेल या समजुतीने सासूबाईंनी दिलेले सहाशे नव्व्याण्णव रुपयेही चुकून दिलेलेच असतात.

आणि पैसे दिलेच नाहीत तर? काही होत नाही. ‘आम्ही मागवलं नाही’ म्हणून पार्सल नाकारलं की ते परत जातं आणि परतीचं भाडं पाठवणाऱ्याच्या माथी बसतं. पूर्वी टपालाच्या व्ही.पी.लाही (पोस्टमनला पैसे देऊन सोडवायच्या पार्सललाही) हेच लागू होतं. वर्तमानपत्रातल्या ‘कोडं सोडवा, ट्रान्झिस्टर जिंका’ छापाच्या जाहिराती आणि मागून येणारी व्ही.पी. ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या खेळात नवीन फारसं काही दिसणार नाही. नवीन आहे तो याचा पुढचा अंक.

पार्सल नाकारलं की दारातला माणूस (या वेळी तो खरा डिलिव्हरी बॉय नसतो) म्हणतो, ‘ठीक आहे, ऑर्डर कॅन्सल करतो, तुमच्या मोबाइलवर ओटीपी आला असेल तो सांगा.’ किंवा कुठल्याशा ‘कस्टमर केअर’ला फोन लावून देतो. तो ओटीपी ऑर्डर रद्द करण्याचा नसून तुमच्या खात्यातून पैसे काढण्याचा किंवा एखाद्या अ‍ॅपमध्ये तुमच्या नावाने शिरण्याचा असतो. जी ऑर्डर तुम्ही दिलीच नाही, ती रद्द करायला तुमची परवानगी कशाला हवी? नकार द्यायला ओटीपी लागत नाही. हे एक वाक्य घरातल्या ज्येष्ठांना सांगून ठेवलं तरी बरंच काम होतं.

एक जात अशी आहे जिच्यात बिलच नसतं. पार्सल येतं, पैसे कुणी मागत नाही. आत स्वस्तातली अंगठी, कीचेन, काहीही. याला ब्रशिंग म्हणतात: विक्रेता स्वतःच खोट्या खात्यावरून तुमच्या पत्त्यावर ऑर्डर देतो, डिलिव्हरी झाल्याची नोंद मिळवतो आणि मग ‘खऱ्या ग्राहका’च्या नावाने स्वतःच्या मालाला पाच तारे देतो. २०२० मध्ये अमेरिकेत हजारो लोकांच्या घरी चीनमधून बियाण्यांच्या पुड्या आल्या, तेव्हा तिथल्या कृषी खात्याने कारण म्हणून याच प्रकाराकडे बोट दाखवलं. अशा पार्सलचं देणं काही नाही. आत क्यूआर कोड असलेली चिठ्ठी असेल तर स्कॅन मात्र करू नका, आणि ज्या दुकानाच्या नावाने ते आलं असेल तिथल्या आपल्या खात्याचा पासवर्ड बदला.

आता कार्ड आणि बँक. इथे नियम बरेच ग्राहकाच्या बाजूने आहेत, फक्त त्यांना घड्याळ बांधलेलं आहे.

कार्डाच्या किंवा खात्याच्या विवरणात न केलेल्या खरेदीची नोंद दिसली, तर रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिलेली चौकट अशी: चूक बँकेची असेल तर तुमची जबाबदारी शून्य, तुम्ही कळवा अगर न कळवा. चूक ना तुमची ना बँकेची, मधल्याच कुणाची असेल, तर बँकेचा निरोप मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तरीही शून्य. चार ते सात दिवस लावलेत तर ठरलेल्या मर्यादेपर्यंतचं नुकसान तुमचं. साध्या बचत खात्याला ही मर्यादा दहा हजार रुपये. त्याहून उशीर झाला की बँकेच्या धोरणावर सगळं अवलंबून. तक्रारीनंतर दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची आणि नव्वद दिवसांत निकाल लावायचा. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याचं ओझं बँकेवर आहे. महाराष्ट्रात घरटी एखादं खातं सहकारी बँकेत असतंच, तर त्यांनाही अशीच चौकट त्याच वर्षी डिसेंबरमध्ये घालून दिली गेली. ओटीपी तुम्ही स्वतः सांगितला असेल तर मात्र कळवण्याच्या क्षणापर्यंतचं नुकसान तुमचं. म्हणून तिथेही पहिला फोन बँकेलाच.

क्रेडिट कार्डाबद्दल रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे निर्देश आणखी कडक आहेत. बिलावर हरकत घेतली की बँकेने तीस दिवसांच्या आत कागदपत्रांसह खुलासा करायचा. फसवणूक म्हणून हरकत घेतलेल्या रकमेवर वाद मिटेपर्यंत शुल्क लावायचं नाही. आणि मला सर्वांत आवडणारा नियम न मागितलेल्या कार्डाचा आहे. तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय कार्ड दिलं, किंवा असलेलं कार्ड ‘अपग्रेड’ करून चालू केलं आणि त्याचं बिल लावलं, तर बँकेने ते शुल्क मागे घ्यायचं आणि वर त्याच्या दुप्पट रक्कम दंड म्हणून तुम्हाला द्यायची. ‘तुमचं कार्ड अपग्रेड झालंय, वार्षिक फी फक्त एवढी’ असं सांगणाऱ्या गोड आवाजाला हा नियम विचारून पाहा. आवाज बदलतो. बँकेने कार्ड दिल्यापासून तीस दिवसांत तुम्ही ते चालू केलं नाही, तर ते चालू करायला बँकेला तुमची ओटीपीने संमती लागते. ती नाही मिळाली तर सात कामकाजाच्या दिवसांत ते खातं फुकट बंद करणं बँकेवर बंधनकारक आहे.

दर महिन्याला गुपचूप कापली जाणारी वर्गणी हा यातलाच धाकटा भाऊ. ‘पहिला महिना फुकट’ घेतलेला असतो, मग विसर पडतो. १ ऑक्टोबर २०२१ पासून अशा ठराविक कपातीआधी किमान चोवीस तास बँकेने कळवायचं आहे, आणि नको म्हणण्याची सोयही द्यायची आहे. तो एसएमएस बहुतेक जण जाहिरात समजून पुसतात. दर महिन्याला एकदा बँकेच्या अ‍ॅपमधली आणि यूपीआयमधली ऑटोपेची यादी उघडून बघणं हे त्याहून खात्रीचं.

ऑनलाइन खरेदीत कार्टमध्ये न टाकलेली वस्तू आपोआप येऊन बसणं, म्हणजे तिकिटासोबत विमा, किराण्यासोबत पाच रुपयांची देणगी, यालाही आता सरकारी नाव आणि बंदी आहे. ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी अशा तेरा ‘डार्क पॅटर्न’ना, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या मांडणीच्या क्लृप्त्यांना, अनुचित ठरवलं, त्यात ‘बास्केट स्नीकिंग’ हे एक. त्याआधीच २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी सांगितलं होतं की ग्राहकाची संमती त्याच्या स्पष्ट कृतीतूनच यायला हवी, आधीच टिक केलेल्या चौकटीतून नव्हे. त्याच नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिनाभरात तक्रार निकाली काढायची.

मोबाइलवर न मागता लागलेली कॉलर ट्यून हा जुना छळ. दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने २०१३ मध्ये दोनदा संमती घेण्याची सक्ती केल्यापासून तो कमी झाला आहे. तरी लागलीच तर १५५२२३ हा नंबर बंद करण्यासाठी आहे.

दुकानदार, छोटे कारखानदार आणि हाउसिंग सोसायट्या यांच्याकडे हा विषय वेगळ्या पायांनी चालत येतो. घरात आलेल्या बिलाकडे माणूस संशयाने बघतो. ऑफिसात आलेलं बिल फायलीत जातं. मागवलं एकाने, माल घेतला दुसऱ्याने, चेक लिहिला तिसऱ्याने, या फटीवरच खोट्या बिलांचा धंदा चालतो. ट्रेडमार्कचा अर्ज तपासणीतून पुढे गेला की अर्जदाराचं नाव-पत्ता ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापला जातो. तो वाचून कुणीतरी सरकारी नोटिशीच्या थाटाचं ‘नोंदणी शुल्का’चं बिल पाठवतं, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की ही सेवा ऐच्छिक आहे. हा प्रकार इतका जगभर आहे की जागतिक बौद्धिक संपदा संघटना त्याबद्दल सावधगिरीचे इशारे देते. वेबसाइटच्या नावाचं नूतनीकरण, व्यापारी डिरेक्टरीत नाव, अग्निशमन नळकांड्यांची वार्षिक देखभाल, सगळ्यांची पद्धत तीच. सोसायटीत समिती नुकतीच बदललेली असली की ‘मागच्या सेक्रेटरींनी सांगितलं होतं’ एवढं वाक्य पुरतं.

उपाय कारकुनी आहे आणि म्हणूनच चालतो. पर्चेस ऑर्डर, माल मिळाल्याचं सही केलेलं चलन आणि बिल ही तीन कागदं जुळल्याशिवाय चेक फाडायचा नाही. पर्चेस ऑर्डर सापडत नसेल तर बिल देणाऱ्यालाच मागायची: ऑर्डर कुणी दिली, कधी दिली, माल कुणी उतरवून घेतला? खोटं बिल पाठवणारा इथेच थंडावतो.

जीएसटी असलेल्यांसाठी मात्र एक उलटा पेच आहे आणि तो नीट समजून घ्यायला हवा. तुमचा जीएसटी नंबर वापरून कुणी न घेतलेल्या मालाचं बिल चढवलं, तर ते तुमच्या २-बी विवरणात (मिळू शकणाऱ्या टॅक्स क्रेडिटच्या मासिक यादीत) दिसतं. ऑक्टोबर २०२४ पासून जीएसटी पोर्टलवर आयएमएस (इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टिम) आहे, तिथे प्रत्येक बिल स्वीकारता, नाकारता किंवा प्रलंबित ठेवता येतं. आणि काहीच केलं नाही, तर? ते स्वीकारलं असं धरलं जातं. काका-पुतण्याच्या घोड्याच्या अगदी उलट. त्या धरलेल्या स्वीकारामुळे तुम्ही त्या विक्रेत्याचे देणेकरी होत नाही, पण टॅक्स क्रेडिट २-बीत येऊन बसतं आणि घाईतला अकाउंटंट ते उचलतो. माल मिळालेला नसताना क्रेडिट घेणं जीएसटी कायद्याच्या कलम १६ ला धरून नाही. मग व्याज, दंड आणि ‘तुम्ही बोगस बिलांच्या साखळीत आहात का?’ अशा चौकशीला तोंड द्यावं लागतं. त्यामुळे दर महिन्याच्या १४ तारखेला २-बी तयार होण्याआधी आयएमएस उघडून अनोळखी नावं नाकारणं हे मालकाने स्वतः बघावं असं काम आहे. पगारदारांनाही याचा भाऊबंद भेटतो: आयकराच्या एआयएसमध्ये (वर्षभराच्या व्यवहारांच्या माहितीपत्रकात) न केलेली मोठी खरेदी दिसते. तिथेही ‘ही माहिती माझी नाही’ असा अभिप्राय नोंदवता येतो, आणि रिटर्न भरण्याआधी तो नोंदवावा.

आता कळवायचं कसं. लांबलचक संतापाची गरज नाही. एवढं पुरे:

‘आपले बिल क्रमांक अमुक, दिनांक अमुक, मिळाले. त्यात नमूद केलेला माल मी मागवलेला नाही आणि वापरलेलाही नाही. मी मागवला असल्याचा आपला दावा असल्यास त्याचा पुरावा पाठवावा. माल न उघडता ठेवला आहे. पंधरा दिवसांत आपल्या खर्चाने घेऊन जावा. हे बिल मला मान्य नाही.’

ईमेल केलात तर उत्तम; पत्ताच असेल तर स्पीड पोस्टने, पोच जपून ठेवून. फोनवर वाद घालण्यात वेळ घालवू नका, फोनचा पुरावा राहत नाही. मात्र लिंकवर दाबून ‘बिल रद्द’ करायला सांगणाऱ्या, न मागवलेल्या महागड्या मालाच्या पावत्या ईमेलने येतात, त्यांना हेही उत्तर द्यायचं नाही. तिथे माल नसतोच, फक्त गळ असतो. आपल्या खात्यात जाऊन ऑर्डर आहे का बघायचं आणि ईमेल पुसायचा.

दाद मागायची ठिकाणं वादाच्या जातीनुसार बदलतात. दुकान किंवा ऑनलाइन कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे मराठीतूनही बोलता येतं. पैसे ऑनलाइन गेले असतील तर सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०, आणि तेही तासाभरात, कारण पुढच्या खात्यांत रक्कम पसरण्याआधी ती गोठवण्याचा प्रयत्न होतो. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, फुकट. दुसऱ्याच कुणी तुमच्या नावाने माल किंवा कर्ज उचललं असेल तर पोलिसांत तक्रार टाळू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-क आणि भारतीय न्याय संहितेचं ३१८ ही कलमं त्यासाठीच आहेत.

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. एक अडचण आधीच सांगितलेली बरी. ज्याने काही विकतच घेतलं नाही तो ‘ग्राहक’ कसा, असा मुद्दा समोरचा वकील काढू शकतो. पैसे दिलेले असतील, किंवा त्या कंपनीचं कार्ड, सिम, खाती तुमच्याकडे असतील तर तो फारसा टिकत नाही. काहीच नातं नसेल आणि पैसेही दिलेले नसतील, तर खरं म्हणजे आयोगात जायची गरजही नसते. वसुलीसाठी कोर्टात जायचं काम त्यांचं, आणि मालाची ऑर्डर सिद्ध करायचंही त्यांचंच.

राहिला वसुलीवाल्यांचा फोन. न घेतलेल्या कर्जाची किंवा न मागवलेल्या कार्डाची थकबाकी तुमच्या क्रेडिट अहवालात चढली असेल, तर वर्षातून एकदा फुकट मिळणारा अहवाल सिबिलसारख्या प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून मागवा आणि चुकीच्या नोंदीवर हरकत घ्या. तीस दिवसांत ती निकाली निघाली नाही तर एप्रिल २०२४ पासून पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी. वसुलीवाल्याला फोनवर फक्त तीन गोष्टी विचारा: कुठल्या संस्थेकडून बोलताय, खाते क्रमांक काय, आणि माझ्या सहीचा किंवा संमतीचा कागद कधी पाठवताय. ‘थोडे तरी भरा, बाकीचं बघू’ या सवलतीला भुलून पाचशे रुपयेही देऊ नका. अंशतः भरलेली रक्कम हा देणं मान्य केल्याचा पुरावा म्हणून पुढे तुमच्याच विरुद्ध मांडला जातो.